विन्सीकाकांचं उंच दार

आमच्या गिरगावातल्या वाडीत दिवेलागणीला एक आवाज व्हायचा. आधी टक्, मग घर्रर्र, मग साखळीची किणकिण आणि शेवटी पुन्हा टक्. तो ऐकला की मी चहाचं आधण ठेवायचे. विन्सीकाकांच्या गॅरेजचं दार उघडलं म्हणजे आता ते खुर्ची बाहेर काढणार, आणि चहा पोचायला जरा उशीर झाला की सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, "सुमन, आज दुष्काळ काय गो?" तो आवाज मी अजूनही रोज करते. बटण माझ्याकडेच आहे. पण त्यानंतरचा चहा मला एकटीलाच प्यावा लागतो, आणि एका कपाचा चहा मला आयुष्यात कधी धड जमलेला नाही.

विन्सेंट परेरा हे त्यांचं पूर्ण नाव. आमच्यासारखी कोकणातून आलेली बिऱ्हाडं वाडीत पुष्कळ. परेरांचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्याचा काकांना अभिमान होता, पण तो ते फक्त भांडणात काढायचे. नळाच्या पाण्यावरून कोणी फार आवाज चढवला की म्हणायचे, "हळू बोल रे, पाहुणा आहेस तू." हे ज्याला म्हणायचे तो साठीचा आणि याच वाडीत जन्मलेला असायचा.

काका एका थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. थिएटर बंद पडून जमाना झाला, पण प्रोजेक्टरच्या खोलीने लावलेल्या सवयी त्यांच्या अंगावरून उतरल्या नाहीत. पहिली म्हणजे इंटरव्हल. कुठलंही काम निम्मं झालं की हत्यारं खाली ठेवून चहा प्यायचाच. घरात पाणी शिरत असलं तरी. भांडण ऐन रंगात आलं की हे मध्येच उठून म्हणायचे, "चला, इंटरव्हल," आणि भांडणारे दोघे बावळटासारखे एकमेकांकडे बघत राहायचे. कोणाच्या पोराचा निकाल वाईट लागला, कोणाचं लग्न मोडलं, की यांचं एकच पालुपद, "इंटरव्हलला उठून कोणी पिक्चर वाईट म्हणू नये."

दुसरी सवय बसण्याची. हा माणूस कधी कोणाकडे पाठ करून बसला नाही. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, लग्नात शेवटच्या रांगेत, आमच्या गणपतीच्या आरतीला मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून. घरासमोरही खुर्ची टाकायचे ती भिंतीला चिकटवून. वाडीची जुनी चुन्याची भिंत, हात लावला की पांढरा होतो. मी एकदा म्हटलं, "काका, जरा पुढे सरकून बसा, शर्टाची वाट लागते." तर म्हणाले, "माझ्या मागे कोणी नसतं गो. मी सगळ्यांच्या मागे असतो. नोकरीच ती होती."

आणि म्हणून त्यांना माणसं पाठीवरून ओळखू यायची. प्रोजेक्टरच्या खोलीच्या चौकोनी भोकातून उभं आयुष्य त्यांनी लोकांची डोकी आणि खांदे बघितले होते. कोण रडतोय, कोण झोपलाय, कुठल्या जोडप्याचं बिनसलंय, हे सगळं त्यांना मागून कळायचं. "तोंड खोटं बोलतं. पाठीला कुठे बोलता येतं?" असं म्हणायचे. आम्हाला वाटायचं, थापा आहेत. मग एका विसर्जनाला नाना सावंतांची म्हातारी आई चौपाटीवर हरवली. नाना म्हणजे वाडीचे आपसूक झालेले पुढारी, आवाज भोंग्यासारखा. पण त्या गर्दीत त्यांचाही आवाज बसला. पोरं चारी दिशांना धावली. काका मात्र एका कठड्यावर चढून शांतपणे गर्दीच्या पाठी बघत राहिले, आणि थोड्या वेळाने बोट दाखवून म्हणाले, "ती बघ नाना. डावा खांदा वर, मान पुढे. चणेवाल्याच्या गाडीशी." म्हातारी खरंच तिथे उभी राहून चणे खात होती. तेव्हापासून नाना काकांशी कधी भांडले नाहीत, नळावरूनसुद्धा.

आता दाराचं सांगते.

काकांच्या घराला लागून एक गॅरेज होतं. त्यांच्या आजोबांच्या काळी तिथे घोडा बांधत. थिएटरच्या मालकांनी आपला बंगला पाडला, तेव्हा तिथलं गॅरेजचं दार उघडणारं विलायती यंत्र काकांना देऊन टाकलं. काकांकडे मोटार नव्हती, पुढे होण्याची शक्यताही नव्हती. पण यंत्राला नाही म्हणायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी त्याच्यासाठी एकसंध फळीचं दार बनवलं. बटण दाबलं की छताच्या मोटरीची साखळी फिरायची, लांब लोखंडी पट्टीवरून एक खटका मागे सरकायचा आणि दार खालून बाहेर येत वर जाऊन छताखाली आडवं पडायचं. त्या खटक्याला काका घोडा म्हणायचे. "तबेला रिकामा होता, शेवटी घोडा आला," असं येईल त्याला सांगायचे. आत काय होतं म्हणाल तर एक मोडका प्रोजेक्टर आणि फिलूकाकूंची मोपेड.

फिलूकाकू म्हणजे त्यांची बायको. त्या मोपेडवरून दादरला शिवण शिकवायला जायच्या. त्या गेल्यानंतर काका दर रविवारी चर्चमधली मास आटोपून यायचे, मोपेड पुसायचे, सुरू करायचे, आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. त्यावर कोणी थट्टा केली नाही. आमच्या वाडीला थट्टेचं भारी वेड, पण काही गोष्टींना हात लावायचा नसतो एवढं आम्हाला कळत होतं.

त्यांची एकुलती मुलगी ग्लोरिया. वाडीची ग्लोरी. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती आणि जिना उतरणं तिला ठाऊक नव्हतं. कठड्यावरून घसरायची नाहीतर शेवटच्या पायऱ्यांवरून उडी टाकायची. वाडीतले सगळे आंबे तिनेच उतरवायचे. पुढे नाशिकला खेळाची शिक्षिका झाली, तिथेच राहिली. तिथेच तिला एका गाडीने उडवलं. जीव वाचला, कमरेखालचं सगळं गेलं.

त्यानंतर ती वाडीत आलीच नाही. काका तिच्याकडे जायचे, आठवडाभर राहून यायचे. आल्यावर आम्ही विचारायचो, "ग्लोरी कशी आहे?" ते म्हणायचे, "छान आहे. शाळेत ऑफिसचं काम करते. तुझ्या हातच्या घावण्यांची आठवण काढते." मग मी विचारायचे, "कधी येणार?" तेव्हा ते खुर्चीत नीट बसल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "येईल गो."

एके दिवशी चहा घेताना त्यांनी आपणहून सांगितलं. ग्लोरीला फार वेळ बसवत नाही, पाठ दुखते. एवढ्या प्रवासाला तिला आडवं झोपवूनच आणावं लागतं, आणि मग दोघांनी बगलेत हात घालून खुर्चीत ठेवावं लागतं. "ती म्हणते, पपा, मला यायचंय. घर बघायचंय, मम्मीची खोली बघायचीय. पण ज्या वाडीने मला उड्या मारताना बघितलं त्या वाडीने मला पोत्यासारखं उचलताना बघायला नको. तेवढं सांभाळ, मी येते."

मी म्हटलं, "वाडीत एवढे डोळे, कसं सांभाळणार?"

"गाडी थेट गॅरेजमध्ये घ्यायची. दार लावायचं. आतून घरात जायला वाट आहेच. खुर्चीत बसली, केस विंचरले, की मग दार उघडायचं." हे म्हणताना त्यांचा हात हवेत दार उघडत होता. "पण तिला झोपवून आणायची गाडी उंच टपाची आहे. माझं दार बुटकं पडतं."

म्हणून काकांनी दार उंच केलं. गवंडी बोलावून वरची तुळई काढली, झरोका होता तिथपर्यंत भिंत मोकळी केली आणि तुळई वर बसवली. फळीला फळी जोडून नवीन दार केलं. नाताळला ग्लोरी यायची ठरली होती, आणि हे सगळं झालं तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. सगळी वाडी बघायला जमली. काकांनी बटण दाबलं. टक्, घर्रर्र, आणि दार निम्म्यात तिरकं लटकून थांबलं. दार उंच झालं होतं पण पट्टी जुन्याच लांबीची, त्यामुळे घोडा थोडा धावून संपला. नाना हसत म्हणाले, "विन्सी, ह्या दारातून तुझी ग्लोरी येतली, पण वाकान."

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काका दाराकडेच बघत होते. मग म्हणाले, "इंटरव्हल," आणि आत गेले. त्या दिवशी ते चहालाही बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी त्या घोड्याचा पिच्छा पुरवला. मोटर मागे सरकवली, पट्टीला लोखंडाचा तुकडा जोडला. जोडावर घोडा अडखळायचा, म्हणून तो सांधा घासत बसले, बोट फिरवून बघायचे, पुन्हा घासायचे. दार जड झालं म्हणून दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बदलल्या. सगळं जमलं, साखळी तेवढी अपुरी. चोरबाजारातून तुकडे आणले, ते कडीला कडी लागेनात. मी चहा घेऊन गेले तर हे मोपेडसमोर पाटावर बसलेले, आणि मोपेडची चेन काढून मांडीवर ठेवलेली.

"काका, ही कशाला? बाजारात मिळेल की दुसरी."

"मिळेल गो. हा तुकडा नुसता सरळ पुढेमागे जाणार, मोटरीच्या दातेरी चाकावर चढायचाच नाही. कुठल्याही मोपेडची चेन चालली असती."

"मग? मोपेड परत सुरू नाही व्हायची."

काका चेनला तेल लावत होते. म्हणाले, "ग्लोरीला घरात घ्यायला तिची आई पण थोडी ओढू दे."

मला रडू आवरेना. मी कप तिथेच ठेवून आले आणि भांडी जोरजोराने आपटली. माझी ही जुनी रीत आहे.

साखळी बसली. मग घोड्याने कुठे थांबायचं ते ठरवणारे दोन स्क्रू. ते जरा पिळायचे, बटण दाबायचं, बघायचं, पुन्हा पिळायचे. एका संध्याकाळी दार निम्म्याच्या पुढे गेलं, वर गेलं, छताखाली जाऊन पूर्ण आडवं पडलं आणि टक् करून थांबलं. त्या दिवसापासून दाराच्या रोजच्या आवाजात साखळीची किणकिण आली. ती फिलूकाकूंच्या चेनची. काकांनी मला सगळं समजावून सांगितलं. वीज गेली तर ही लाल दोरी ओढायची, मग दार हाताने लागतं. आणि चौकटीला खाली नडगीच्या उंचीवर या दोन डब्या, हा यंत्राचा डोळा. मध्ये काही आलं की दार खाली येत नाही, नुसता दिवा लुकलुकतो. पोराबाळांच्या डोक्यावर पडू नये म्हणून. मी मान डोलावली आणि विसरून गेले.

नाताळच्या आधी ग्लोरी येणार त्या दिवशी काका सकाळपासून सूट घालून बसले होते. वाडीला त्यांनी बजावलं होतं, "उभे राहा, पण पुढे येऊ नका. स्वागत नको, हार नको. दार लागेल, मग उघडेल, मग या." आम्ही कबूल केलं. पण घरची लेक इतक्या वर्षांनी येणार आणि उंबरा उघडाबोडका? हे आम्हा बायकांच्या पचनी पडेना. काका गाडी बघायला वाडीच्या तोंडाशी गेले, दार उघडंच होतं, तेवढ्यात आम्ही उंबऱ्याच्या दोन्ही टोकांना फुललेल्या शेवंतीच्या कुंड्या नेऊन ठेवल्या. अगदी चौकटीला चिकटून, गाडीच्या वाटेत येऊ नयेत म्हणून. हार नाही, आरती नाही. नुसत्या कुंड्या. आम्हाला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

गाडी आली. टप नव्या तुळईखालून सुखरूप आत गेला. काकांनी खिशातून बटण काढलं आणि दाबलं. दार हललं नाही. छताचा दिवा लुकलुकायला लागला. काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. हात लांब करून दाबलं, जवळ जाऊन दाबलं. तोवर ड्रायव्हरने गाडीचा मागचा दरवाजा उघडला होता, आणि तो वाडीच्या बाजूलाच होता. आतून ग्लोरीचा आवाज आला, "पपा, दार लाव ना."

काकांनी आमच्याकडे बघितलं. मी त्यांना इतक्या वर्षांत घाबरलेलं बघितलं नव्हतं. लाल दोरी त्यांनाही आठवली नाही, आम्हालाही नाही. ते फक्त बटण दाबत होते.

तेव्हा नाना सावंतांचा आवाज आला. "फिरा रे सगळे. काय बघतास? फिरा."

आणि वाडी फिरली. गॅलरीतली माणसं फिरली, जिन्यावरची पोरं फिरली, कडेवरच्या बाळांची तोंडं आयांनी खांद्यात दाबली. माझ्यासमोर नळाची भिंत होती. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. मागून पट्टा सोडल्याचा आवाज आला, "ताई, हात गळ्यात घाला" असं कोणीतरी म्हणालं, मग खुर्ची करकरली, आणि बराच वेळ काहीच नाही. फार वाईट वेळ होती ती. आम्हाला वाटलं, संपलं. ही आता उलट्या पावली परत जाणार.

मग काका बोलायला लागले. हळू, नेहमीच्या आवाजात.

"ग्लोरी, बघ. ती पिवळी साडी, उजवा खांदा खाली गेलेला, ती सुमन. पिशव्या उचलून उचलून झालाय तसा. तिच्या बाजूला स्वेटर घातलेला नाना. पाठ बघ त्याची, अगदी त्याच्या आईसारखी झालीय, डावा खांदा वर. जिन्यावर तो जाडा आहे ना, तो तुझ्याबरोबर आंबे चोरायचा. मान अजून तशीच ठेवतो, मार चुकवायला."

एकेकाचं नाव घेत गेले. आम्ही पाठमोरे उभे आणि हे आमची ओळख करून देत होते. आणि मध्येच ग्लोरी हसली. तेच हसणं, नाकातून सुरू होणारं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात वर केला तर मागून दिसेल म्हणून मी तशीच उभी होते.

"सुमनवहिनी," ग्लोरी म्हणाली, "अंबाडा सुटलाय तुझा. आणि आता फिरा सगळे. माझी मान दुखेल अशाने तुमच्या पाठी बघून."

आम्ही फिरलो. ती उंच दाराच्या मधोमध खुर्चीत बसली होती. केस पांढरे व्हायला लागले होते, विंचरलेले नव्हते. पहिल्यांदा नानाच म्हणाले, "जेवलंस काय गो?" आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

काका खाली वाकले. यंत्राच्या डोळ्याच्या एका डबीसमोर शेवंतीची कुंडी आलेली बघून त्यांनी ती बोटभर सरकवली. दिवा लुकलुकायचा थांबला. त्यांनी आम्हा बायकांकडे एक नजर टाकली, कुंडी परत होती तिथे सरकवली आणि आपली खुर्ची आणायला गेले. त्या दिवशी ते दार लागलंच नाही.

ग्लोरी पुढे दर नाताळला आली, आणि दार लावायला तिने पुन्हा कधी सांगितलं नाही. मग काकांचे डोळे गेले. सगळे नाही, पण माणसाची सावली दिसेल एवढेच उरले. ग्लोरीने हट्ट धरला की नाशिकला चला. त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी कबूल झाले. बटण माझ्या हातात दिलं. "रोज एकदा चालव. नुसतं ठेवलंस तर साखळी गंज धरेल." मी म्हटलं, "आणि चहा?" ते म्हणाले, "मी येईपर्यंत तू पी." ते काही आले नाहीत. ग्लोरीचा फोन आला तेव्हा मी दार उघडूनच उभी होते. झोपेत गेले म्हणाली. मला त्यांची रोज आठवण येते, आणि दिवेलागणीला तर मी कोणाशी सरळ बोलतच नाही.

ते वाडीतून निघाले तो दिवस मात्र समोरून हलत नाही. त्या सकाळी काका खुर्ची भिंतीला लावून खूप वेळ बसले होते. गाडी वाडीच्या तोंडाशी थांबली होती. सगळ्यांनी हात मिळवले, नाना तर मिठीच मारून रडले. मग काठी टेकत काका एकटेच निघाले, कोणी धरायचं नाही म्हणाले. आणि मला एकदम जाणवलं की इतक्या वर्षांत मी त्यांची पाठ कधी नीट बघितलीच नव्हती. भिंतीला टेकलेली असायची ती. अरुंद होती, मधे जराशी खोलगट, आणि इस्त्रीच्या निळ्या शर्टावर मानेपासून कमरेपर्यंत आमच्या वाडीचा पांढरा चुना लागला होता. झटकून द्यावा म्हणून मी पदर हातात घेऊन पुढे झाले. पण तोवर ते गाडीत चढले होते. तो चुना त्यांच्याबरोबर नाशिकला गेला.